काट्यावरचं झेंडूचं फूल

आप्पा गेल्याचा फोन आला आणि मला आधी हसू फुटलं. रडू नंतर आलं, भरपूर आलं... पण आधी हसूच. आप्पा म्हटलं की मला वजनाच्या काट्यावरचं झेंडूचं फूल दिसतं, त्याला मी काय करू!

आप्पा आमच्या बेळगावच्या कॉलेजात प्रयोगशाळेतले मदतनीस, मूळचे सदलग्याचे. मी तेव्हा पीएचडी करत होते. गूळ हवेतला ओलावा कसा ओढतो, हा विषय. गुळाच्या खड्याचं वजन दर पाच मिनिटांनी, सलग आठ दिवस टिपायचं. मी काय तिथं अंथरूण टाकणार होते? आप्पांनी खडेबाजारातून वायर आणली, कथलाचा डाग देऊन जोड पक्के केले आणि जुना इलेक्ट्रॉनिक काटा कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर नुसती गिचमिड! "दोघांचा वेग जुळंना, आक्का. काटा भराभरा बोलतोय, ह्याला समजंना झालंय." मग त्यांनी वेग जुळवला, आकडे उमटू लागले, आणि आम्ही दोघांनी चक्क टाळ्या पिटल्या.

गाइड मॅडमचा मात्र विश्वास बसेना. "सगळे आकडे जवळजवळ सारखेच. हा मागचाच आकडा परत लिहीत नाही कशावरून? हे प्रकरण प्रबंधात नको." माझं वर्षच पाण्यात जायची वेळ आली.

त्यातच खंडेनवमी आली. दुसऱ्या दिवशी फाइल उघडते तर काय, सकाळी वजन एकदम वर, दिवसभर हळूहळू खाली, संध्याकाळी धप्पकन जागेवर.

"आप्पा!"

"व्हय, म्याच. समद्या मशिनींना फूल वाहिलं, मग ह्यालाच कसं सोडू? गुळाशेजारी ठेवलं, सांजेला काढलं की."

"वाटोळं केलंत माझं!" मी ओरडलेच. आप्पांचा चेहरा उतरला. तडक मॅडमकडं जाऊन म्हणाले, "चूक माझी हाय. पोरीला बोलू नगासा."

मॅडम फाइल बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. "अगं, फूल सुकलं तेसुद्धा लिहिलंय यानं! आणि फूल काढल्यावर गूळ पुन्हा आपल्या वाटेला लागलाय. काटा खरं लिहितोय." तेवढा एक दिवस गाळला, प्रकरण राहिलं. आप्पा पुढं वर्षभर छाती काढून सांगत होते, "आक्काला डॉक्टर माझ्या फुलानं केलं."

आता त्याच प्रयोगशाळेत मी शिकवते. काटाही तोच, वायरही आप्पांचीच. ते गेल्यावर तीन आठवड्यांनी खंडेनवमी आली. मी रिकाम्या काट्यावर फूल वाहिलं आणि नोंद सुरू केली. दिवसभर आकडे हळूहळू उतरत होते. संध्याकाळी फूल काढायला हात पुढं केला, आणि मागं घेतला... लिहू दे अजून थोडं, म्हटलं.