अनोळखी नंबर आणि दादाचा नियम

दादा गेला तो मंगळवार अगदी साधा होता. मी सुरतेत, उधन्याच्या शाळेत नववीचे पेपर तपासत बसलो होतो. अनोळखी नंबरवरून तीनदा फोन आला. एक बाई हिंदीत "आपके भाई का एक्सीडेंट" म्हणाली, की मी फोन कापायचो. हल्ली असे फोन सगळ्यांनाच येतात. चौथा फोन पुतण्याचा, नीलेशचा. "काका, पप्पा..."

मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. शेवटचं बोलणं राहिलं. आता भेटायला येणारा प्रत्येक जण दादाचा एक किस्सा ठेवून जातो. एवढे साठलेत की घर भरलंय. माणूस तेवढा नाही.

*

दादा पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये मास्टर. पण लोकांचे मोबाईल चोरांपासून सांभाळणं, हेच त्याचं खरं काम! एकदा त्याला कळलं, मिलमधल्या त्याच्या खात्यातल्या सगळ्यांच्या मोबाईलचा पिन एकच आहे: सगळ्यात जास्त चालणाऱ्या मरून रंगाचा शेड नंबर. आणि तो भिंतीवर खडूने लिहिलेला!

दादा म्हणाला, "चोराला चहापण पाजा रे! बिचारा एवढ्या लांबून येईल!"

*

शेजारच्या पाटीलभाऊंना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेची फाइल आली. दादाने बजावलं, "विचारल्याशिवाय उघडायची नाही. तिच्यातून चोर फोनमध्ये शिरतो."

पाटीलभाऊंनी मग पुढच्या चारही पत्रिका उघडल्या नाहीत. त्यातली एक सख्ख्या मेहुण्याच्या मुलीची! मेहुणा तणतणत भांडायला आला. दादा त्यालाच म्हणाला, "बसा पाव्हणं. आधी तुमचा फोन दाखवा बरं."

मेहुणा नवा पासवर्ड टाकून, जेवून गेला.

*

घरासाठी दादाचा नियम वेगळा होता. आपलं माणूस संकटात आहे असा अनोळखी फोन आला, तर आधी अहिराणीत विचारायचं, "कोना पोऱ्या शे तू?" म्हणजे, कोणाचा मुलगा तू? वडिलांचं नाव चालायचं नाही. ते आधार कार्डावर असतं. सगळ्यांसाठी उत्तर एकच ठरलेलं: "जिजीना." म्हणजे, जिजीचा. आमच्या आईला आम्ही जिजी म्हणायचो.

एकदा हजीऱ्याला नीलेशची गाडी बंद पडली आणि मोबाईलही. मित्राच्या फोनवरून त्याने घरी लावला. वहिनींनी विचारलं, "कोना पोऱ्या शे तू?"

सुरतेत वाढलेलं पोरगं! गडबडून गुजरातीतच म्हणालं, "मम्मी, हूं छुं, हूं!" म्हणजे, मी आहे, मी!

"हूं छुं तं चोरबी म्हनस!" आणि फोन कट!

नीलेश चालत, घामाघूम होऊन घरी आला, तर दादा वहिनींना पेढा भरवत होता.

*

दादाच्या तेराव्यानंतर मी दवाखान्यात कागद आणायला गेलो. तिथली नर्स केरळची. तिने मला ओळखलं. म्हणाली, "सर, तीन बार लगाया था. नंबर उन्होंने ही बताया, मुँहज़बानी."

मी कागद घेता घेता थांबलो.

"बोले, भाई मास्टर है, सवाल पूछेगा. जवाब मुझसे चार बार बुलवाया. हँस रहे थे."

आणि तिने तो शब्द मला जपून, एकेक अक्षर सुटं करून म्हणून दाखवला. "जि-जी-ना."

मी प्रश्न विचारलाच नव्हता.