मागची घागर

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, लेकीला नाही. एकदा समुद्राला सांगायला गेले होते – हसू नका. रत्नागिरीत राहून माझे केस पिकले, तरी समुद्रापुढं उभी राहिले की मनात येतं, एवढं पाणी आणि कुणाचाच नंबर नाही! तेवढंच बोलले आणि परत आले.

तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. सातवीतून शाळा सुटलेली बाई मी, लिहायला बसलं की हात घाबरतो. पण आता नाही लिहिलं तर कधी?

मी लातूरची. लातूरचा नवा जिल्हा झाला त्या वेळची ही गोष्ट. माझे अण्णा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. जिल्हा झाला आणि त्यांना एकदम कामच काम. पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसायचं, तिथं 'जि. लातूर' लिहायचं. गाव जागचं हललं नाही आणि सगळ्यांचा पत्ता बदलला – मला लई गंमत वाटायची. मी रंगाचा डबा धरून शिडीखाली उभी. शाळा त्यातच सुटली. अण्णांना हाताखाली कुणीतरी पाहिजे होतं, आणि खरं सांगायचं तर शाळेसाठी मी फार रडलेही नाही.

रडले ती कुसुमसाठी. शेजारची कुसुम, माझी मैत्रीण. आम्ही एका ताटात जेवायचो, एकाच फणीनं विंचरायचो. ती आता आठवीत जाणार, नव्या मैत्रिणी करणार. म्हणजे ती उन्हाळ्याची सुट्टी आमची शेवटची. असं कुणी म्हटलं नव्हतं. मीच मनाशी धरून बसले होते.

त्या साली पाणी नव्हतं. विहिरी, आड, सगळं कोरडं. गल्लीत टँकर यायचा, पण त्याचा काही नेम नाही. म्हणून बायका पहाटेच घागरी रांगेत ठेवायच्या आणि घरी भाकरी थापायला जायच्या. घागर रांगेत म्हणजे माणूस रांगेत. भांडणं व्हायची, झिंज्या धरल्या जायच्या, पण दुसऱ्याच्या घागरीला हात लावायचा नाही, हे गल्लीनं ठरवलेलंच होतं. कुसुमच्या घागरीवर मी पिवळं फूल काढून दिलं होतं, अण्णांच्या उरलेल्या रंगातलं. लांबून ओळखू यायची.

बघा, घागरीपर्यंत आले आणि पुन्हा अडले. येते, मुद्द्यावर येते.

कुसुमच्या घरचे त्या सुट्टीत फिरायला निघाले होते. पहिल्यांदाच. नांदेडच्या बसनं जायचं, पुढं मुदखेडला मावशीकडं. मावशीच्या गच्चीवरून म्हणे दिवसभर आगगाड्या दिसतात. मग मावशीला घेऊन सगळे माहूरला, देवीच्या डोंगरावर. कुसुमला दुसरं बोलणंच नव्हतं. "खिडकीत मीच बसणार. आन् तुला देवीचा कुटलेला विडा आणते, बघ." मी हाव हाव म्हणायची. सुट्टीभर ती तिकडं, मग तिची शाळा. माझ्या वाट्याला काय? रंगाचा डबा?

निघायच्या सकाळी टँकर येणार होता. तिचे आजोबा पायानं अधू, ते घरीच राहणार. त्यांच्यापुरतं पाणी भरल्याबिगर उंबरा ओलांडणार न्हाई, असं तिच्या आईनं, गंगाकाकूनं, सांगून टाकलेलं. कुसुमनं पहाटेच घागर ठेवली होती, अगदी पुढं, एका पितळी हंड्याच्या मागं. माझी तिच्यामागं. मी पायरीवर बसलेली. "सुले, ध्यान ठेव गं. वेणी घालून आलेच."

ती आत गेली. गल्लीत कुणी नव्हतं. कुठंतरी भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

मी उठले. पिवळ्या फुलाची घागर उचलली – रिकामी घागर किती हलकी असते! – आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. मधे मोकळी जागा दिसू नये म्हणून बाकीच्या घागरी पायानं पुढं सरकवल्या. आणि पायरीवर येऊन बसले, ध्यान ठेवत.

एवढंच असतं तर बहुतेक मी हे लिहिलं नसतं.

टँकर आला, आणि कुसुमच्या घागरीपर्यंत येता येता आटला. गंगाकाकूनं सगळी गल्ली डोक्यावर घेतली. "रातभर माहूर माहूर केलीस, आन् घागर कुठं ठेवली त्याचा पत्ता न्हाई! झोपाळी मेली!" कुसुमनं सगळ्यांदेखत माझ्याकडं पाहिलं. "सुले, मी पुढं ठेवली हुती ना गं? हंड्याच्या मागं?"

मी म्हणाले, "न्हाई गं. मागंच हुती."

ती भांडली का? नाही. तिनं लगेच मानलं. डोळे चोळत म्हणाली, "झोपंत असंन मी." माझ्या शब्दापुढं तिनं स्वतःचे डोळे खोटे ठरवले – आणि मी ते बघत उभी होते.

दुसरी खेप येईल म्हणून ते थांबले. माझी घागर भरलेली, पायाशी. बस गेली असणार याची खात्री झाली, तेव्हा मी माझ्यातलं अर्धं पाणी कुसुमच्या घागरीत ओतलं. गंगाकाकूनं मला छातीशी धरलं. "माय, पोटची पोरगी करणार न्हाई असं!"

तिच्या वडलांची मोजक्या दिवसांची सुट्टी पाण्याची वाट बघण्यातच वाया गेली, मालकानं पुन्हा दिली नाही. माहूर राहिलं ते राहिलंच.

आणि ती सुट्टी? कशी सांगू – माझ्या आयुष्यात तशी दुसरी झाली नाही. गल्लीच्या टोकाला पाण्याची रिकामी टाकी होती, तिच्या लोखंडी पायऱ्या म्हणजे आमचा माहूरचा डोंगर. आम्ही रोज देवीला जायचो. कडुलिंबाच्या पाल्याचा विडा कुटायचो, थुंकायचो, हसून लोळायचो. संध्याकाळी गच्चीवर पडून आगगाड्या मोजायचो, ज्या तिथून दिसतच नव्हत्या. "ती बघ, गेली एक." "कुठं गं?" "मुदखेडला." मी सुखात होते. हे मला लपवायचं नाही.

कुसुमला गल्लीनं नाव ठेवलं – मागची घागर. तिच्या लग्नातसुद्धा बायकांनी चिडवलं आणि तीही खदखदून हसली. पण तेव्हापासून ती कुलूप लावून चार पावलं गेली की परत फिरते. भाजीत मीठ घातलं का, ते दुसऱ्याला विचारते. आता हिमायतनगरला नातवंडांत रमलीय, तरी फोनवर बोलता बोलता थांबते, "सुले, मी गॅस बंद केला असंन ना गं?" मला विचारते. इथं बसलेल्या मला.

आणि माझं? गंगाकाकूनं पाण्याची गोष्ट जाईल तिथं सांगितली. अशा गुणी पोरीचं भलं व्हावं म्हणून तिनंच रत्नागिरीतल्या आपल्या भावाला गळ घातली आणि इथल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मला लावलं. माझी चूल, माझा संसार, लेकीचं शिक्षण – सगळं त्या अर्ध्या घागरीवर उभं आहे. आजही जेवायला बसताना मी आधी गंगाकाकूला हात जोडते. मनापासून जोडते.

परवा कुसुमचा फोन आला. तिच्या पोरानं गाडी ठरवलीय, दिवाळीनंतर सगळे माहूरला चाललेत. "तुझ्याबिगर जाणार न्हाई. खिडकीची जागा तुझी. पाणी तू दिलं हुतंस."

मी हो म्हणाले. नांदेडपर्यंतचं तिकीट काढलंय. खिडकीत मीच बसणार आहे.