डावीकडे उघडणारी कुलपं

तिनं आयुष्यभर शाळेची बस चालवली. हॉर्न असा दाबायची की झोपलेली मुलं दप्तरासकट दारात येऊन उभी राहायची, म्हणून नाव पडलं भोंगाताई. निवृत्त झाल्यावर तिनं मोडीत निघालेली एक रुग्णवाहिका घेतली, स्ट्रेचर काढून पलंग ठोकला, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली आणि घरात जाहीर केलं, "मी बाबांचं घर शोधायला निघाले."

धाकट्या भावानं कपाळाला हात लावला. "ताई, ना गावाचं नाव, ना आडनाव. शोधणार कुठे?"

प्रश्न रास्त होता. बाबा चार-पाच वर्षांचे असताना एका स्टेशनवर रडताना सापडले आणि अनाथाश्रमात वाढले. पुढे कुलपांचे कारागीर झाले, संसार केला, नातवंडं खेळवली. पण एक सल मनातून गेला नाही. आपण हरवलो, की आपल्याला टाकलं? हल्ली अंथरुणात पडल्या पडल्या ते हे मोठ्यानं विचारायचे, आणि भोंगाताईला ते ऐकवत नव्हतं.

तिच्या हातात धागा एकच होता. बाबांना किल्ली डावीकडे फिरवायची खोड. आश्रमात कुलूपकाम शिकवणाऱ्या उस्तादांनी बोटांवर पट्ट्या मारल्या, तरी बाबांनी घडवलेलं कुलूप डावीकडेच उघडायचं. सगळे त्याला चूक म्हणत. भोंगाताईचं म्हणणं, इतकी हट्टी चूक नसते, ही घरची सवय आहे.

रेल्वेच्या कडेकडेनं ती निघाली. संध्याकाळ झाली की प्रवाशांना तंबू टाकू देणारं मैदान नाहीतर एखादी बाग शोधायची, पाणी आणि विजेची सोय विचारायची, आणि मग हळूच म्हणायचं, "तुमच्याकडे एखादं जुनं कुलूप आहे का? जरा उघडून बघते."

लोक चपापणारच. एक रखवालदार म्हणाला, "बाई, स्वतःचं घर बरोबर घेऊन फिरताय, आता आमचंही न्यायचंय का?" दोन ठिकाणी तर तिला गाडीसकट बाहेर काढलं. पण अपमान गिळायला तिला शाळेतल्या पालकांनी चांगलं शिकवलं होतं. ती पुढच्या मैदानावर जाऊन तोच प्रश्न विचारायची.

एका तळ्याकाठच्या मैदानावर न्हाणीघराचं गंजकं कुलूप काही केल्या उघडेना. मालक लांबूनच ओरडला, "उलटी फिरवा! आमच्याकडची जुनी कुलपं अशीच."

भोंगाताईनं किल्ली उलटी फिरवली, कुलूप उघडलं. "करतं कोण ही?"

"मालधक्क्यामागची म्हातारी. बाजार कधीच नव्या रस्त्याला गेला, ही मात्र हलत नाही."

दुकान म्हणजे एक खोली. म्हातारी किल्लीवर कानस घासत होती. भोंगाताईनं फळीवरचं एक कुलूप उचललं, किल्ली डावीकडे फिरवली. खट् झालं, आणि बाबा दर वेळी म्हणायचे तेच तिच्या तोंडून गेलं, "चिमणी बोलली!"

कानस थांबली. "हे आमच्या वडिलांचं बोलणं. तुला कोणी शिकवलं गं?"

"माझ्या बाबांनी. ते लहानपणी स्टेशनवर सापडले होते."

म्हातारीनं हातातली किल्ली खाली ठेवली. "माझा धाकटा भाऊ," ती म्हणाली. "गर्दीत आईचा हात सुटला. गर्दीनं पोराला डब्यात ढकललं आणि गाडी निघाली."

भोंगाताईनं घरी फोन लावला, सगळं सांगितलं. बाबांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "टाकलं होतं का मला?" एवढंच विचारलं.

शेजारी कान लावून बसलेल्या म्हाताऱ्या आत्यानं फोन ओढून घेतला. "टाकतेय कोण तुला? आईनं पुढची सगळी स्टेशनं पालथी घातली. बाजार उठला, गिऱ्हाईक आटलं, तरी तिनं दुकान हलवू दिलं नाही. म्हणायची, पोर परत आलं तर दार कुठे शोधेल? ती गेल्यावर मी बसलेय इथे."

मग बाबांनी फोन लेकीकडे द्यायला लावला आणि विचारलं, "तुझ्या गाडीत दोघं झोपतात का गं?"

"झोपतात की," भोंगाताई म्हणाली, आणि फोन ठेवून पलंगाला आणखी एक फळी जोडायला आत्याकडे सुताराचा पत्ता मागितला.