स्लॅबखालची खुर्ची

विश्रांतवाडीत आमच्या समोरच्या प्लॉटवर घर बांधलं जात होतं. मालक अमेरिकेत सॉफ्टवेअर कंपनीत होता. देखरेखीसाठी त्याने खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ नेमले होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सकाळी आठला ते सायकलवरून येत, पँटची क्लिप काढून खिशात ठेवत आणि वर जाऊन स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात बोट बुडवून पाहत. मग खाली येऊन खांबावर कोळशाने एक रेघ ओढत. स्लॅब पक्का व्हावा म्हणून तो भरल्यापासून एकवीस रेघा झाल्याशिवाय खालचे टेकू काढायचे नाहीत, असं ठरलं होतं.

तेराव्या दिवशी ठेकेदाराला ते टेकू दुसऱ्या कामावर हवे झाले. गृहस्थांनी लोखंडी खुर्ची आणली, टेकूंच्या मधोमध ठेवली आणि बसले.

"अहो काका, मालक तिकडे अमेरिकेत. त्यांना काय कळणार आहे?"

"म्हणूनच मला ठेवलंय."

"घर काय तुमचं आहे?"

"माझं असतं तर एखाद वेळेस उठलोही असतो."

ठेकेदार निघून गेला. पुढचे आठ दिवस काम सुटेपर्यंत ते तिथेच बसत, डबाही तिथेच खात. एकविसावी रेघ ओढल्यावर त्यांनी स्वतःच मजुरांना हाक मारली. शेवटचा टेकू निघाला, तेव्हा ते आत जाऊन स्लॅबखाली उभे राहिले आणि बराच वेळ वर पाहत होते. मग खुर्ची उचलून बाहेर आले.

मालक राहायला आला, तेव्हा खांबावर गिलावा आणि रंग चढला होता. त्याखाली एकवीस रेघा आहेत, हे मी त्याला सांगितलं.