हॅनोव्हरमधल्या सगळ्या हायतांग

जर्मनीत ब्योब्लिंगेनला लेकीकडे दीड महिना राहून आम्ही दोघे रेल्वेने हॅनोव्हरला निघालो. तिथे ह्यांचा पुतण्या निखिल राहतो. भारतात परतायला तीनच दिवस उरले होते. द्राक्षमळे मागे पडले, मग बोगद्यांमागून बोगदे आले आणि शेवटी सपाट शेते. समोरच्या सीटवरची चिनी बाई सगळा वेळ विणत होती.

निखिलच्या घरी बॅग उघडली, तर आत लोकरीचे गोळे आणि अर्धवट विणलेले एवढेसे स्वेटर. आमच्यासारखीच काळी बॅग, पण तिची. बॅगेला अडकवलेल्या चिठ्ठीवर रोमन अक्षरांत एकच शब्द होता: हायतांग.

"अहो, पासपोर्ट आपल्या बॅगेत होते?"

"सुरक्षित राहावेत म्हणून ठेवले होते," हे हळूच म्हणाले.

निखिलला घेऊन आम्ही स्टेशनवरच्या फुंडब्यूरोत (हरवलेल्या वस्तूंचे कार्यालय) गेलो. तिथल्या माणसाने चिठ्ठी वाचली. "हायतांग? आल्झो... म्हणजे, मागच्याच रस्त्यावर." त्याने आम्हाला एका चिनी हॉटेलात पाठवले. पाटीवर खरोखरच 'हायतांग' होते. मालकीणबाई साठीच्या होत्या.

"हो, मीच हायतांग," त्या म्हणाल्या. माझ्या जिवात जीव आला. त्यांनी बॅगेत डोकावून पाहिले. "पण मला विणता येत नाही."

हायतांग हे गुलाबी फुलांचे झाड आहे आणि त्यावरून मुलींची नावे ठेवतात, असे त्यांनी सांगितले. मग कोबीच्या जियाओझची (उकडलेल्या करंज्या) थाळी पुढे ठेवून त्या फोन करत सुटल्या. पहिली हायतांग सायकलवरून आली. ती दाताची डॉक्टर निघाली. तिने स्वेटरचे कौतुक केले आणि गेली. दुसरा हायतांग चक्क पुरुष होता. चिनी लिपीत आपले नाव वेगळे लिहितात, हे त्याने कागदी रुमालावर लिहून समजावले. तिसऱ्या फोनवर कोणीतरी म्हणाले, "हायतांग आहे, पण कुंडीसकट न्यावी लागेल."

"गेनाऊ, बरोबर, ती रोपवाटिका आहे," निखिल म्हणाला.

ह्यांनी करंजी खाली ठेवली. मी रडायच्या बेतात होते. एवढ्यात निखिलच्या बायकोचा, सईचा, फोन आला.

"काकू, घरी या. एक चिनी बाई तुमचे पासपोर्ट घेऊन आल्यात."

आम्ही पोचलो तेव्हा ती बाई सोफ्यावर बसली होती. पासपोर्टवरचे आडनाव घेऊन तिने एका भारतीय दुकानदाराला विचारले होते आणि त्याने ओळखीच्या सगळ्या कुलकर्ण्यांचे पत्ते दिले होते. हे तिचे पाचवे दार. प्रत्येक घरी फोटो दाखवला, प्रत्येकाने नकारार्थी मान हलवली आणि कोणीही पोहे खाल्ल्याशिवाय सोडले नाही. सईने दिलेली बशीही तिच्या मांडीवर होतीच.

तिने स्वेटर छातीशी धरले. लेकीला आठवडाभरात बाळ होणार होते आणि एक बाही बाकी होती. मग तिने गंभीरपणे मला विचारले, "या गावात इतके कुलकर्णी कशासाठी आहेत?"

मी दिवसभर तेच हायतांगांबद्दल विचारत होते. मी तिला चहा दिला. तिने तो घेतला आणि विणायला बसली.

परतीच्या विमानाने मुंबईला उतरलो. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहून मान वर केली. "कुलकर्णी? कुठले?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न किती जणांनी विचारला असेल. पण तो किती गरजेचा आहे, हे मला हॅनोव्हरमध्ये कळले होते. मी गाव, तालुका, जिल्हा, सगळे नीट सांगितले.

"मीही कुलकर्णीच," तो म्हणाला, "पण तुमच्यातला नाही." आणि शिक्का मारला.