पाणी कोणी बघितलं

आमच्या वाडीत कुणाकडे मूल झालं की त्याला न्हाऊ घालायला मला बोलवत. मी दाई नव्हते, मासे विकणारी बाई. पण तेल लावलेलं पोर पायांवर घट्ट धरायची मला सवय होती. सकाळी पाटी घेऊन बाजार करायचा आणि परत आल्यावर एखाद्या घरचं पोर न्हाणायचं, असं कित्येक वर्षं चाललं. माझ्या पायांवरून एकही पोर कधी निसटलं नाही. त्याचा मला माज होता.

शेजारीण चिडवायची, "पोराक न्हाणयतंस काय बांगडे धुतंस गो?"

मी म्हणायची, "बांगडे रडणत नाय, तितकोच फरक."

कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती तेव्हा माझी मुलगी कसालहून, सासरहून, बाळंतपणाला आली. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले होते. मुलगी झाली. बाळाला पहिल्या दिवसापासून मीच न्हाणत होते.

बाराव्या दिवशी बारसं होतं. श्रावण संपला होता, होड्या सुटल्या होत्या, मासळी रग्गड. आदले आठ दिवस मी मासे खारवत होते. मीठ आणि बर्फ. हाताला भेगा पडल्या होत्या आणि वरून कातडी चपलेच्या तळासारखी झाली होती. काटा घुसला तर रक्त दिसल्यावर कळायचं.

न्हाणीत चुलीवर तांब्याचं भाण होतं, त्यातलं पाणी वाफाळत होतं. मी बादलीत आधी गरम पाणी ओतलं, मग विसणाचं गार पाणी घातलं, रोजच्यासारखं अंदाजाने. पंजा बुडवून बघितला. कोमट वाटलं. पाटावर पाय लांब करून बसले आणि बाळाला पायांवर पालथं घेतलं.

मुलगी दारात उभी होती. म्हणाली, "आये, वाफ येता गो. पाणी गरम आसा."

"माका शिकवतंस? ह्या हातांनी अर्धी वाडी न्हाणयलंय मी."

मी पहिला तांब्या पाठीवर ओतला. बाळ किंचाळलं. न्हाताना पोरं रडतातच, रडली की छाती मोकळी होते, असं आम्ही मानायचो. मी आणखी दोन तांबे ओतले. तिसऱ्या तांब्याला मुलगीच आत आली, बादलीत हात घातला आणि झटकन काढला. मग तिने बाळ माझ्या पायांवरून उचललं.

पाठ लालभडक झाली होती. दुपारपर्यंत फोड आले. पाहुणे पाळण्याभोवती जमले होते आणि आम्ही रिक्षाने सरकारी दवाखान्यात.

डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कोणी बघितलं होतं?"

"मी," मी म्हटलं.

नर्सबाईंनी माझा हात धरून उलटा-सुलटा बघितला. चहाचा भरलेला स्टीलचा पेला माझ्या तळव्यावर ठेवला. "आजी, गरम लागतोय?"

"कोमट आसा."

त्यांनी तो स्वतःच्या हातात धरला आणि लगेच टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "तुमच्या हाताला आता कळत नाही. कोपराने बघायचं. आणि बादलीत आधी गार पाणी घ्यायचं, गरम मागाहून." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाळ जगलं. पण मुलगी सव्वा महिना राहिली नाही. दवाखान्यातून थेट कसालला गेली. जाताना मी सांगितलं, "मी येतंय तुझ्यावांगडा, तुका कोण करतला?"

"नको आये," ती म्हणाली.

त्यानंतर मी कुणाचंच पोर न्हाणलं नाही. लोक बोलवायला आले तर गुडघे दुखतात म्हणून सांगायची. गुडघे तेव्हा चांगले होते.

दहा वर्षांनी मुलीला मुलगा झाला. बाळंतपण तिने सासरीच केलं. मी सुके बांगडे आणि जुन्या लुगड्यांची दुपटी घेऊन बघायला गेले. सकाळी ती स्वतःच न्हाणीत बसली. थोरली नात, तीच, बादलीत पाणी घालत होती. आधी गार, मग गरम. मग बाही वर करून तिने कोपर बुडवलं. वाकली तेव्हा फ्रॉकच्या गळ्यातून मानेखालची चट्टा पडलेली कातडी दिसली. चुरगळलेल्या कागदासारखी.

"आजये, तू न्हाणय मगे बाबूक," ती म्हणाली. "आवशीची कंबर दुखता."

पोरीला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी मुलीकडे बघितलं. तिने मान वर केली नाही. बाळाच्या डोक्यावर तेल चोळत राहिली, लागतो त्यापेक्षा जास्त वेळ.

"माझ्या हातांक कळणा नाय बाय," मी म्हटलं.

मग मुलीने खुंटीवरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. न्हालेलं बाळ घ्यायला तो मांडीवर पसरून मी न्हाणीच्या उंबऱ्याबाहेर बसले.