दारावरचा कडुनिंब

तान्ह्या पोळ्याची सकाळ. पोंभुर्ण्याजवळचं सासरचं घर. हजर: सासूबाई, खाटेवर धाकटी जाऊ, तिची शाळकरी मुलगी, आणि ऊर्जानगरहून नुकतीच पोहोचलेली मी. दीर तलावावर गेले होते. त्यांची जाळी मात्र कुंपणाबाहेर टांगलेली दिसली आणि दारावर कडुनिंबाचा डहाळा. म्हणजे घरात माता आली होती; अंगावर पुरळ-फोड उठले की तिथे तसंच म्हणतात. फोडणी बंद, मासे बंद.

जावेला फिट यायची. काही आठवड्यांपूर्वी तिला नवी गोळी सुरू झाली होती. एकही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. स्वतःच्या हाताने गोळी जिभेवर ठेवायच्या. फिट थांबली होती. मी घरच्या औषधांच्या वेळा यादी करून भिंतीला लावते, म्हणून फोनवर जाऊ मला चिडवायची, "बाई, तुमच्या याद्या बऱ्या, आमच्या घरी तं आत्याबाईच घड्याळ हायेत."

आता ती तापाने फणफणली होती. डोळे लाल होऊन चिकटले होते, ओठ सोललेले, छातीवर काळपट-लाल चट्टे. माझ्या मुलांना कांजण्या झाल्या तेव्हा त्यांना खाज होती. हिला लुगड्याचा स्पर्शही सोसवत नव्हता. मी पाठीखालची चादर बदलायला गेले, तर कातडी चादरीला चिकटून आली.

"आत्याबाई, हिले दवाखान्यात न्या लागते."

"मातेत दवाखाना? कोप होते, बाई. कडुनिंबाच्या पाण्यानं पुसून राह्यली ना मी."

जाऊ पुटपुटली, "आग होऊन राह्यली वो बाई. न्या ना मले."

मी जीप बोलावली. निघताना सासूबाई पाण्याचा गडवा घेऊन धावत आल्या. "माता असो का काई असो, गोळी चुकाले नाई पाह्यजे." तिला गिळता येत नव्हतं. त्यांनी गोळी कुस्करून पाजली.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "नवीन औषध कोणतं?" मी पाकीट दाखवलं. गोळी तिथेच बंद झाली. सलाईन लागलं, डोळ्यांत थेंब पडू लागले, भाजलेल्या माणसाला करतात तशा पट्ट्या केल्या, आणि तिला नागपूरला पाठवलं. ही औषधाची ॲलर्जी होती. तापासोबत तोंड-डोळे सोलले, कातडी दुखू लागली, की ते औषध थांबवून लगेच निघायचं असतं. आम्हाला उशीर झाला होता. तिथून ती परत आली नाही.

तिच्या रक्ताच्या नात्यात कुणालाही ही गोळी विचारल्याशिवाय देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. औषधाचं नाव मी कार्डावर लिहून दिराला दिलं, तिच्या माहेरी कळवलं. मुलीच्या दप्तरातही एक ठेवलं. आता मुलीला आजीच सांभाळते. मुलीचं औषधपाणीही तीच करते, म्हणून ते गोळीमुळे झालं हे सासूबाईंना कळायलाच हवं.

दरवेळी सांगायचं ठरवून जाते. सासूबाई ओसरीवर बसलेल्या असतात, मुलीची वेणी घालत. "मातेनं नेली तिले," म्हणतात, "पण माह्या हातून एक गोळी चुकली नाई, बाई."

मी चहा घेते आणि बस पकडते. त्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.